नवेगाव बांध: 'एवढंच?' म्हणून दोन तासांत परत फिरू नका

माहेर_मोरगाव · रविवार, रात्री ९:४०

दोन वर्षांपूर्वी माझी नणंद पोरांना घेऊन पुण्याहून आली होती. नवेगाव बांध दाखवायचा म्हणून सकाळी नागपूरहून निघालो. भंडारा, लाखनी, साकोली, सौंदड करत कोहमाऱ्याला वळलो आणि तळ्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. ऊन चढलेलं, बोटीसमोर रांग, बगिच्यात झोपाळ्यासाठी भांडणं. दीड वाजता आमचे जावई गाडीकडे वळत म्हणाले, "वहिनी, एवढंच?"

माझं माहेर तिथलंच, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. तो शब्द मला लागला, पण त्यांची चूक नव्हती. मीच त्यांना भर दुपारी आणलं होतं, बगिच्यात बसवलं होतं आणि तळ्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. म्हणून या डिसेंबरात त्यांना पुन्हा बोलावलं, मामाकडे दोन रात्री मुक्काम ठरवला आणि सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी माणसं, मग पहाट, मग डोंगर आणि बगीचा सगळ्यात शेवटी. ते लिहावंसं वाटलं म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट नावाची. बाहेरचे लोक 'नवेगाव लेक' म्हणतात. गावात कोणी तलावही म्हणत नाही, 'बांध' म्हणतात. तीनही बाजूंनी डोंगर, मधे पाणी, काठापर्यंत जंगल, त्यामुळे पाहणाऱ्याला ते देवानं केलेलं वाटतं. पण हे माणसानं बांधलेलं पाणी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील या कोहळी समाजातल्या माणसानं डोंगरांमधल्या खिंडीत मातीची पार घातली आणि पाणी अडवलं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरात या पाण्याचा पसारा ५ चौरस मैल आणि घेर १७ मैल लिहिला आहे. यंत्र नाही, सिमेंट नाही. टोपल्यानं माती टाकायची, माणसांनी आणि जनावरांनी तुडवून ती दाबायची.

मामीनं चुलीपाशी बसवून पोरांना गोष्ट सांगितली. कोलू पाटलाची पार टिकेना. कितीही माती टाका, पाणी ती फोडून जायचं. मग त्यानं भोवतालच्या सात डोंगरांना साकडं घातलं. त्या साती बहिणी पावल्या तेव्हा कुठं पाणी थांबलं. ते डोंगर आजही 'सात बहिणी' याच नावानं ओळखले जातात आणि कोलू पाटील स्वतः 'कोलासूर' देव होऊन डोंगरावर बसला. धाकट्या भाचीनं विचारलं, "मग तो माणूस होता की देव?" मामी म्हणाली, "आधी माणूस होता, बाई. पाणी अडवलं म्हणून देव झाला."

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला आम्ही पारीवर होतो. धुकं इतकं दाट की पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. चांदवे या पाणपक्ष्यांचा पाण्यावरचा पळता फडफडाट, दूर कुठं तरी अडईची शीळ. मग धुक्यातून एक डोंगा निघाला. आधी वल्हं दिसलं, मग माणूस, मग डोंगा. काठावर शेकोटीपाशी दोन बायका टोपली घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी जाळं झटकलं तसे झिंगे टोपल्यात पडले. काचेसारखे आरपार, अजून उड्या मारणारे. आमच्या पोरानं हात पुढे केला तर त्यातल्या एकीनं त्याच्या तळव्यावर एक झिंगा ठेवला. तो जो 'आई गं!' करून ओरडला, त्यावर त्या दोघी इतक्या हसल्या की चांदवे पुन्हा उडाले. पावशेर झिंगे आम्ही तिथंच विकत घेतले. मामीनं वाळल्या मिरचीत त्याची चटणी केली, सोबत तांदळाची भाकर आणि लाखोरीचे वडे. जावई जेवताना काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "उद्या पुन्हा पहाटे जाऊ या का?"

तुमचे अनुभव लिहा. पक्ष्यांचं मला फार कळत नाही, जाणकारांनी भर घालावी.

वैनगंगा_काठ · रविवार, रात्री १०:२५

ताई, वाचून पहाटेचा गारठा अंगावर आला. पक्ष्यांबद्दल मी सांगतो, गेली बारा-तेरा वर्षं दर हिवाळ्यात येतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. लालसरी, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही मंडळी उत्तरेकडून उतरतात. नशीब असेल तर पट्टकदंब हंसही दिसतात, म्हणजे हिमालय ओलांडून आलेला पाहुणा. अडई बारमाही. तळ्यात 'मालडोंगरी' नावाचं बेट आहे, पाणपक्षी तिथं घरटी करतात. बोट त्या बाजूला जवळ नेण्याचा आग्रह नावाड्याकडे धरू नका.

कमळाच्या पानांवरून चालणारा लांब बोटांचा पक्षी दिसला तर तो कमळपक्षी. त्याच्यात अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नर करतो. पोरांना हे सांगा, ती मग त्याच्यावरची नजर हलवत नाहीत. आणि वर घिरट्या घालून धाडकन पाय पुढं करून पाण्यात पडणारा कैकर. मी त्याला मासा घेऊन उडताना दोनदाच पाहिलं आहे. माशाचं तोंड पुढं करूनच तो धरतो, वारा कापला जावा म्हणून.

एकच मागणं. दुर्बीण आणा, स्पीकर आणू नका.

धुऱ्यावरचा · सोमवार, सकाळी ७:१०

ताई, तुमी बांधाची गोष्ट लिवली ते लय चांगलं केलं. मी बाजूच्याच गावचा. आमच्या आज्याच्या वक्तापासून धानाची शेती हाये, म्हून थोडं सांगतो.

हा एक बांध नाही जी. आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे तलाव हजारानं हायेत. गोंडराजानं सांगतलं का जो तलाव बांधन त्याले त्या पान्याखालची जमीन. त्याले 'तुकूम' म्हनत. म्हून आजबी आमच्याइकडं गावाच्या नावातच तुकूम सापडते. कोहळी लोकं यातले उस्ताद. जमिनीचा उतार डोऱ्यानं पाहून सांगत का पार इथं घाल. शिवनीबांध, शिरेगावबांध, समदे त्याच हातचे.

पाहुण्यानं तलावावर आल्यावर तीन गोष्टी पाहाव्या. एक पार. दुसरं सलंग, म्हंजे ज्यादा पानी जिथून सोताहून वाहून जाते ते. सलंग बरोबर नसन तं पार फुटते, गाव वाहून जाते. तिसरं तुडूम, म्हंजे शेताले पानी सोडाची जागा. आमच्या गावच्या जुन्या तलावात दगडाचं तुडूम हाये. त्याले वरपासून खालपर्यंत भोकं. पानी उतरलं का एक एक भोक खोलाचं. वरचं पानी कोमट अन् साफ, ते धानाले पयले जाते. लहानपनी बुच काढाले आज्याच्या मांगं मांगं मी जात होतो. पानी कोनाच्या बांधीत, म्हंजे धानाच्या खाचरात, किती वेळ जाईन हे ठरवाले गावाचा 'पानकर' राहे. त्याचा शब्द पाटलानंबी मोडला नाही पायजे, असा रिवाज होता.

१९५१ मंधी मालगुजारी, म्हंजे जमीनदारी, गेली अन् तलाव सरकारजमा झाले. म्हून कागदावर त्याले 'माजी मालगुजारी तलाव' म्हनतेत, तोंडात 'मामा तलाव'. मालक गेला, पानकर गेला. गाळ काढाले कोन? आमच्या तलावात मी पोहत होतो तिथं आता माझी म्हैस उभी राहते, पानी तिच्या पोटालेबी लागत नाही.

माहेर_मोरगाव · सोमवार, सकाळी ८:०२

भाऊ, हे तुम्ही लिहिलं म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. बुचाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. माझे आजोबा कोहळी नव्हते, पण त्यांच्या तोंडी 'पानकर आला का' हे वाक्य मी ऐकलं आहे. त्याचा अर्थ आज कळला.

अमृता_नागपूर · सोमवार, दुपारी १:१५

माझ्यासोबत ७४ वर्षांची आई असेल, गुडघे दुखतात. तिला जमेल का? आणि वाघ दिसतो का हो?

वैनगंगा_काठ · सोमवार, दुपारी २:४०

काठावर बसायला काही अडचण नाही, गाडी बरीच जवळ जाते. पहाटे स्वेटर, कानटोपी आणि बसायला सतरंजी न्या, बाकी काही लागत नाही. टेकडीवर चढायचा हट्ट मात्र धरू नका.

वाघाचं खरं सांगतो. १९७५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, साधारण १३४ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०१३ मध्ये नागझिरा, कोका ही अभयारण्यं जोडून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघांची संख्या वाढावी म्हणून २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. म्हणजे वाघ आहेत, पण ताडोब्यासारखं दर्शन इथं मिळेल अशी आशा ठेवून येऊ नका. रानगवा, अस्वल, चितळ दिसतात. रानकुत्र्यांचा कळप दिसला तर तो दिवस सोन्याचा. पावसाळ्यात सफारी बंद असते.

डोंगावाला_पोरगा · सोमवार, रात्री ८:५५

मी ढिवर समाजाचा आहे. बाप तलावावर मासे धरतो, मी गोंदियाला शिकतो. ताईंनी झिंग्याचं लिहिलं ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाहुण्यांनी झिंगे विकत घेतले हे बरं केलं, नाही तर नुसते फोटो काढून जातात.

आमच्या तालुक्यात एक मोठं काम झालं आहे, ते लिहायलाच हवं. पूर्वी तलावात मरळ आणि बाकीचे गावठी मासे भरपूर असत. नंतर सगळीकडे रोहू-कतल्याचं बीज टाकणं सुरू झालं, बेशरमाच्या झुडपांनी काठ भरले, तळातल्या वनस्पती गेल्या. वनस्पती गेल्या की गावठी मासा अंडी कुठं घालणार? भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं, मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी, ढिवरांच्याच जुन्या माहितीवर हे काम हातात घेतलं. जांभळी गावच्या तलावापासून त्याची सुरुवात सांगतात. बेशरम मुळापासून उपटायचा. उन्हाळ्यात तलावाचा सुकलेला भाग शेतासारखा नांगरायचा. पहिल्या पावसानंतर चिला, गाद, कमळ अशी रोपं दुसऱ्या तलावातून आणून हातानं लावायची. आमच्या बायकांनी चिखलात उतरून ही लावणी केली, धानाच्या रोवण्यासारखी. मासे परत आले, पक्षी परत आले.

म्हणून पाहुण्यांना सांगणं आहे. तुम्हाला जे पाण्यातलं 'गवत' वाटतं, ज्याला बोटीतून ओढून फेकता, ते आमच्या माशांचं घर आहे. पिशव्या, बाटल्या पाण्यात टाकू नका. जाळ्यात मासा यावा म्हणून बाप रात्री थंडीत जातो आणि जाळ्यात चिप्सचं पाकीट येतं तेव्हा तो काही बोलत नाही, पाकीट काढून डोंग्यात ठेवतो आणि घरी आणून जाळतो.

निवांत_सडक · सोमवार, रात्री ९:३०

मागच्या जानेवारीत आम्ही काठावरच्या एका खासगी मुक्कामाच्या जागी थांबलो होतो. रात्री साडेअकरापर्यंत डीजे. आम्ही विनंती केली तर सांगितलं, "गिऱ्हाईक हेच मागतं." सकाळी पारीवर गेलो तर पाणी रिकामं, बदकं पार पलीकडच्या काठाला. भाड्याचे पैसे गेले त्याचं दुःख नाही. माझी मुलगी रात्रभर कानात बोळे घालून झोपली आणि सकाळी तिनं विचारलं, "पक्षी कुठं गेले?" हे मनातून जात नाही.

बुकिंग करताना आधीच विचारा, रात्री गाणी लावता का. असे दहा जणांनी विचारलं तर 'गिऱ्हाईक हेच मागतं' असं कोणी म्हणणार नाही.

मंडईचा_राजा · सोमवार, रात्री ११:०५

रात्रीच्या करमणुकीचा विषय निघाला म्हणून सांगतो. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, रात्र जागवायला डीजे लागत नाही, आमच्याकडे नाटक आहे!

दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. मंडईत दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. कंपन्यांचं माहेर म्हणजे वडसा, रेल्वेनं अर्जुनीहून जवळच. तिथं नाटक कंपनीला 'प्रेस' म्हणतात, कारण पूर्वी बुकिंग छापखान्यांतून व्हायचं. कोणत्या गावात कधी नाटक, हे रस्त्यानं लागलेल्या पोस्टरवरून कळतं. नवेगावहून परत येताना चहाच्या टपरीवर नुसतं विचारा, "आज कुठं नाटक हाय का जी?" दोन गावांची नावं तर नक्की मिळतील.

दिवसा शंकरपट. बैलजोडी एका दमात शर्यतीला सुटते, सेकंदावर निकाल. कोर्टाच्या बंदीमुळे तो बरीच वर्षं थांबला होता, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पट असला की घरोघरी पाहुणे, पाहुणे आले की रात्री नाटक आणि त्या गर्दीत लग्नंही जुळतात. माझ्या मोठ्या भावाचं तसंच जुळलं. नाटक रात्री दहा-साडेदहाला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. पुढे खुर्च्या, मागे तणसावर बसकण, अंगावर घोंगडी, पोरं मांडीवर झोपलेली. स्टेजच्या खाली बाजूला ऑर्गन आणि तबला. विनोदी पात्रानं एन्ट्री घेतली की मांडीवरची पोरंसुद्धा उठून बसतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्या दिवशी आमच्या गावात फटाके फुटले.

नागपूर-पुण्याच्या थिएटरात नाटक पाहणाऱ्यांनी एकदा इथं रात्र काढावी. तीन हजार माणसं थंडीत पहाटेपर्यंत नाटक बघतात हे स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही.

खारंपाणी_लोणार · मंगळवार, सकाळी ६:५०

मी विदर्भाच्या दुसऱ्या टोकाचा, बुलढाण्याचा. आमचं लोणार उल्कापातानं झालेलं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळे धावत आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. आमचं पाणी खारं, ते शेताला चालत नाही. म्हणून हे सगळं वाचताना वेगळंच वाटलं. आमचं तळं आम्ही वरून बघतो, तुमचं तळं तुम्ही जगता. पुढच्या डिसेंबरात येणार, आधी लिहीन.

जंगलवाट · मंगळवार, सकाळी ९:२०

माझं मत थोडं वेगळं आहे. असे धागे वाचून गर्दी वाढते. गर्दीमागून प्लास्टिक आणि डीजे येतात. चांगल्या जागा चार माणसांत राहाव्यात.

माहेर_मोरगाव · मंगळवार, सकाळी १०:४५

तुमची भीती खरी आहे, मलाही रात्री हाच विचार पडला होता. पण गर्दी तर येतेच आहे, आमच्या धाग्याशिवाय येते आहे आणि साडेअकराला येऊन दीडला जाते. ती काठावरच्या बाईकडून झिंगे घेत नाही, तिला सलंग कुठं आहे ते माहीत नसतं. ज्याला माहीत होईल तो निदान पाण्यात पाकीट टाकताना थबकेल. आणि वरच्या डोंगावाल्या भावाची आई काय म्हणाली ते वाचा. पाहुणे येऊच नयेत असं ती म्हणाली नाही.

सारसमित्र · मंगळवार, दुपारी ४:३०

सारसाशिवाय गोंदियाचं बोलणं अपुरं राहील. माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच. महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यातच उरला आहे, तोही मोजका. दर जूनमध्ये वनविभाग आणि सेवा संस्थेचे कार्यकर्ते गावकऱ्यांना घेऊन पहाटे एकाच वेळी गणना करतात. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा तलावातल्या देवधानात, म्हणजे रानटी धानात, घरटं करतो, बहुधा दोन अंडी, नर-मादी आळीपाळीनं महिनाभर बसतात. ज्याच्या शेतात घरटं, तो शेतकरी तेवढा तुकडा कापणीपर्यंत सोडून देतो, असे शेतकरी मी स्वतः पाहिले आहेत. विजेच्या तारा आणि कीटकनाशकं हे त्याचे मोठे वैरी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांसाठी स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, ती याच काळजीनं.

जोडी दिसली तर गाडी रस्त्यावरच थांबवा, खाली उतरू नका. मान वर करून दोघं एकत्र ओरडतात तो आवाज तिथूनही ऐकू येतो. घरट्याची जागा कुठंही टाकू नका, इथंसुद्धा नाही.

अमृता_नागपूर · मंगळवार, संध्याकाळी ६:१०

दुसरा दिवस रिकामा असेल तर जवळ आणखी काय?

धुऱ्यावरचा · मंगळवार, रात्री ७:४५

ताई, गोठनगावाकडं जाजा. तिथं गाढवी नदीवर इटियाडोह धरन हाये. बाजूलेच तिबेटी लोकायची वसाहत, १९७२ पासून. त्यायच्यातली लय घरं हिवाळ्यात स्वेटर विकाले शहरात जातेत, म्हून गोम्पा, म्हंजे त्यायचा मठ, पाहाचा असन तं फेब्रुवारी-मार्चात, त्यायच्या नव्या वर्साले, लोसारले या. जवळच प्रतापगड. महाशिवरात्रीले मोठी यात्रा भरते. डोंगरावर महादेव, खाली दर्गा, दोन्हीकडं तेच लोकं नारळ घेऊन जातेत.

अन् आईले घेऊन येता तं आमच्या घरी चाय प्याले येजा. तुडूम दाखवतो. गुडघे दुखतेत तं बैलबंडीनं नेऊ.

अमृता_नागपूर · मंगळवार, रात्री ८:२०

भाऊ, आईला वाचून दाखवलं. ती बैलबंडीत शेवटची बसली ते लग्नाच्या आधी, काटोलकडे. म्हणाली, पौष लागायच्या आत जाऊ. पुढच्या शनिवारी निघतो आहोत. तुमच्या गावाचं नाव निरोपात कळवा.

डोंगावाला_पोरगा · मंगळवार, रात्री ९:००

शनिवारी रात्री बाप पाण्यावर असेल. रविवारी पहाटे सहाला पारीवर या, शेकोटीपाशी आई भेटेल. हिरवं स्वेटर, डोक्याला लाल फडकं.